धाग्याच्या पोटातला हिरवा

रंगकारखान्यात नव्याने आलेल्या माणसाची एक फजिती ठरलेली असे. छटा जुळवणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत आणि बॉयलर सांभाळणाऱ्याला मामा. त्यामुळे नवा माणूस कधी ना कधी मावशींना विचारायचाच, "मामा तुमचे धाकटे भाऊ की थोरले?" मग मावशी चष्मा कपाळावर सरकवून शांतपणे म्हणायच्या, "नवरा." आणि कढयांपाशी उभी असलेली माणसं तोंड फिरवून हसायची.

आरसे बसवायला आलेली इंजिनीअर मुलगीही याच खड्ड्यात पडली. पण ती ओशाळली नाही. "मग मावशीचा नवरा मामा कसा झाला?" असं विचारून उत्तर मिळेपर्यंत ती तिथून हलली नाही. उत्तर साधं होतं. मामा आधी कामाला लागले, मावशी नंतर. दोघांना नावं वेगवेगळ्या लोकांनी दिली. आणि पुढे दोघांचं लग्न झालं तेव्हा नावं बदलावीत असं कुणाला सुचलं नाही. मावशींना ती मुलगी तेव्हाच आवडली. फुटकळ गोष्टीचंही कारण लागतं अशी माणसं त्यांना आवडत, कारण त्या स्वतः त्याच जातकुळीतल्या होत्या.

कारखाना लोकरीचं सूत रंगवायचा. खालच्या मजल्यावर पोलादी कढया होत्या, एकेकीत माणूस उभा राहील एवढ्या. त्यांत रंगाचं पाणी तापायचं आणि दांड्यांवर टांगलेल्या सुताच्या लडी त्यात बुडून वर यायच्या, पुन्हा बुडायच्या. कढयांना उष्णता मिळे ती शेजारच्या खोलीतल्या बॉयलरच्या वाफेतून, आणि बॉयलर चाले नळातून येणाऱ्या गॅसवर. ती खोली मामांची. वरच्या मजल्यावर उत्तरेकडच्या मोठ्या खिडकीशी एक लांब पांढरं टेबल होतं. ते मावशींचं. उत्तरेच्या खिडकीत ऊन येत नाही. तिथला उजेड दिवसभर एकसारखा राहतो आणि रंगांना फसवत नाही. रंगवून वाळवलेल्या प्रत्येक घाण्यातली एक लड या टेबलावर यायची. मावशी ती गिऱ्हाइकाच्या नमुन्याशेजारी ठेवायच्या, दोन पावलं मागे सरकायच्या, मान किंचित कलती करायच्या आणि म्हणायच्या, "जुळलं," किंवा "नाही जुळलं." त्यावर अपील नव्हतं.

आरसे आणायचे हे कारखान्याच्या मालकीणबाईंनी ठरवलं. गेली काही वर्षं गॅसचं काही खरं राहिलं नव्हतं. कधी नळातला दाब उतरायचा, कधी दुरुस्तीसाठी पुरवठाच बंद व्हायचा, आणि अर्ध्यावर तापलेल्या कढईतली लोकर वाया जायची. बाईंनी बरीच चौकशी केली आणि एक दिवस सगळ्यांना अंगणात बोलावून त्या मुलीला बोलायला लावलं.

"वीज बनवायची नाहीये आपल्याला," मुलगी म्हणाली. "आपल्याला हवंय गरम पाणी. तेही उकळीच्या जरासं अलीकडचं. तेवढ्यासाठी आपण केवढी मोठी ज्योत जाळतो. माशी मारायला तोफ लावल्यासारखं आहे ते."

तिने छपरावर काय होणार ते हातांनी करून दाखवलं. पन्हळीसारखे वाकवलेले लांबच लांब आरसे. प्रत्येक पन्हळीच्या मधोमध एक काळी नळी. आरसे दिवसभर सूर्याकडे तोंड वळवत राहणार, पडलेलं सगळं ऊन त्या नळीवर गोळा होणार, नळीतलं पाणी तापणार आणि अंगणातल्या जाड आवरण घातलेल्या टाकीत साठणार. टाकीतलं गरम पाणी कढयांच्या तळाशी असलेल्या नळीच्या वेटोळ्यांतून फिरणार. ऊन कमी पडलं तर बॉयलर आहेच मदतीला.

"म्हणजे मी आता पाहुणा कलाकार," मामा म्हणाले.

लोक हसले. मामा हसले नाहीत.

त्या दिवसापासून त्यांनी छपराकडे बघायचंच सोडून दिलं. आरशांचे सांगाडे चढले, काचा चढल्या, नळ्या जोडल्या गेल्या. ती मुलगी रोज घामाघूम होऊन खाली उतरायची आणि मामांच्या खोलीच्या पायरीवर बसून पाणी प्यायची. मामा तिला पाणी द्यायचे, पण विचारायचे काही नाहीत. घरी मावशींनी एकदा विषय काढला.

"वर येऊन बघा तरी एकदा. जिन्यावरून दिसतात. मोठे देखणे आहेत."

"ऊन म्हणजे लहरी माणूस," मामा म्हणाले. "आला तर आला. त्याच्या भरवशावर कुणी कारखाना चालवतं का? माझी ज्योत कान टोचलेल्या पोरासारखी आहे. चावी फिरवली की ऐकते."

"कान टोचल्याने पोरं ऐकायला लागली असती तर मग काय हवं होतं," मावशी म्हणाल्या आणि विषय तिथेच राहिला.

आरसे चालू झाले. पहिले काही घाणे करड्या आणि तपकिरी रंगांचे होते, ते बिनबोभाट पार पडले. मग गर्द हिरव्याचं काम आलं. एका घोंगड्यांच्या गिरणीचं ते वर्षानुवर्षांचं काम होतं. मावशींना तो हिरवा झोपेतही ओळखू आला असता. पहिल्या घाण्याची लड टेबलावर आली. मावशी मागे सरकल्या, मान कलती केली, आणि पुन्हा पुढे वाकल्या.

लड नमुन्यापेक्षा पिवळटली होती. फार नाही. पान जुनं व्हायच्या आधी जेवढं ढळतं तेवढी.

त्यांनी प्रथम शंका घेतली ती खिडकीवर. आरसे आल्यापासून दुपारी कडेच्या रांगेतून उन्हाची एक तिरीप उत्तरेच्या त्या खिडकीत येऊन टेबलाच्या कोपऱ्यावर पडायची. सूर्य त्या खिडकीत जन्मात कधी आला नव्हता; आला तो असा मागच्या दाराने. मावशींनी मुलीला बोलावून दाखवलं.

"हा तुझा पाहुणा माझ्या टेबलावर बसतो. एवढ्याने छटा पिवळी दिसणारच."

मुलगी लगेच वर चढली आणि कडेच्या आरशांना आडोसा म्हणून एक पत्रा लावून आली. तिरीप गेली. मावशींनी लड पुन्हा पाहिली. पिवळेपणा तिथेच होता.

मग शंका रंगावर गेली. त्यांनी स्वतः खाली जाऊन नवा डबा उघडला, चिमूटभर भुकटी पाण्यात विरघळवून ओल्या कागदावर थेंब टाकून पाहिला. रंग नेहमीचाच. पाणी तपासलं, तेही नेहमीचंच. लोकर तर त्याच गाठोड्यातली होती. दुसरा घाणा झाला, तोही तसाच आला. तिसरा थोडा बरा, चौथा पहिल्याहून वाईट. कढईवरची माणसं मावशींकडे आणि मावशी कढईकडे बघायला लागल्या.

मालकीणबाई एका सकाळी वर आल्या. टेबलाशी उभ्या राहून नमुन्याची आणि नवी अशा दोन्ही लडी हातात घेतल्या, खाली ठेवल्या.

"मला तर सारख्याच वाटतात, मावशी."

"नाहीत."

"तुम्ही म्हणता म्हणजे नसतीलच." बाईंनी लडी नीट शेजारी लावल्या. "रंग मोजायचं एक यंत्र मिळतं म्हणे आता. आणायचं का? तुम्हालाही आधार होईल."

बाईंच्या मनात काही वाकडं नव्हतं, हे मावशींना कळत होतं. तरी ते त्यांना लागलं. कारण जी गोष्ट बाईंच्या मनात नव्हती ती गेले काही दिवस त्यांच्याच मनात घोळत होती.

बाई गेल्यावर त्यांनी दार लोटून घेतलं. रंगाचे थेंब बघायला वापरायची पांढरीशुभ्र चिनी मातीची वाटी खिडकीशी ठेवली. उजवा डोळा हाताने झाकून डाव्याने पाहिली. वाटी पांढरी. मग डावा झाकून उजव्याने पाहिली. वाटी जुन्या कागदासारखी, फिकट पिवळी, जरा धुरकट. त्यांनी हात बदलून बदलून पुन्हा पुन्हा पाहिलं. वाटी तीच. खिडकी तीच. फरक डोळ्यांत होता.

घाबरायला झालंच. पण घाबरता घाबरता त्यांच्या मनात असंही आलं की ही अजब गोष्ट आहे: एवढी वर्षं आपण दोन डोळ्यांनी एक जग बघतो असं धरून चाललो, आणि इथे तर दोन निरनिराळी जगं निघाली. हे केव्हापासून असेल? दोघांतलं खरं कोणतं? त्यांनी टेबलावरचा लाल पाहिला, निळा पाहिला. उजव्या डोळ्यात निळा सगळ्यात जास्त मेला होता. म्हणजे निळा कमी दिसतो म्हणून हिरवा पिवळा दिसतो. सगळं कसं चपखल बसत होतं.

मामांना त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. घरी आल्या, जेवल्या, नेहमीसारखं बोलल्या. पण चाळीस वर्षांच्या संसारात असलं फार टिकत नाही. दोन दिवसांनी दुपारी मामा बॉयलरच्या खोलीच्या पायरीवर चहा घेत बसले होते, तिथे त्या जाऊन बसल्या आणि मामांनी कपावरून नजर न काढता विचारलं, "काय झालंय?"

मावशींनी सांगितलं. वाटीचं सांगितलं, डोळ्यांचं सांगितलं. "घाणे बरोबरच असणार हो," त्या म्हणाल्या. "मीच बिघडलेय. त्या पोरीच्या आरशांना उगाच बोल लावला."

मामांनी चहाचा एक घोट घेतला. त्यांच्या मागे बॉयलर हळू आवाजात घुमत होता. दुपारचा वेळ, ऊन भरपूर, त्यामुळे ज्योत अगदी बारीक केलेली.

"डॉक्टरकडे उद्याच जायचं," ते म्हणाले. "ते एक झालं. पण मला एक सांग. लड बघतेस ती त्याच डोळ्यांनी, आणि नमुना?"

"नमुनाही त्याच."

"मग डोळा खोटा असेल तर दोघांशी सारखाच खोटा असणार. लड पिवळी दिसेल, तसा नमुनाही पिवळा दिसेल. दोघांत फरक कसा दिसेल?"

मावशी त्यांच्याकडे बघत राहिल्या. हे आपल्या लक्षात कसं आलं नाही? भीतीने माणसाचं डोकं चालत नाही म्हणतात ते खोटं नाही.

"अहो," त्या सावकाश म्हणाल्या, "म्हणजे डोळाही बिघडलाय आणि हिरवाही?"

"असं दिसतंय खरं."

"मग हिरवा कशाने बिघडला?"

मामांनी कप खाली ठेवला. आरसे बसल्यापासून प्रथमच त्यांनी मान वर करून छपराकडे पाहिलं. आपल्या बायकोवर आळ आला होता, आणि तो ज्याच्यामुळे आला त्याचा छडा लावल्याशिवाय आता त्यांना राहवणार नव्हतं.

"चल," ते म्हणाले. "ती पोरगी कुठंय बघू."

मुलगी अंगणात टाकीपाशी होती. मामांनी तिला सगळं सांगितलं, मावशींच्या डोळ्यासकट. मावशींना ते आवडलं नाही, पण मुलीने डोळ्याबद्दल काही कणव दाखवली नाही. तिने एवढंच विचारलं, "मग खात्री कशी करायची?" आणि तिघंही विचारात पडली.

युक्ती मावशींनीच काढली. नमुने रंगवायच्या दोन छोट्या कढया होत्या, बादलीएवढ्या. एकीत मामांची वाफ सोडायची, दुसरीत टाकीचं पाणी फिरवायचं. लोकर तीच, रंग तोच, तोच वेळ. मग लडी वाळल्या की मामांनी त्यांना आतल्या बाजूला खुणेची गाठ मारायची, सगळ्या मिसळून टाकायच्या आणि मावशींपुढे ठेवायच्या. कोणती लड कुठली हे मावशींना कळता कामा नये.

"मला हरवायचा बेत दिसतोय," मावशी म्हणाल्या.

"तुम्हीच तर सांगितलात," मुलगी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरकडे जायचं ठरलं होतं. मावशींनी ते दुपारवर ढकललं. दोन्ही कढया लागल्या. मामा एकीवर, मुलगी दुसरीवर. लडी निघाल्या, धुतल्या, वाळल्या. मामांनी पाठ करून गाठी मारल्या आणि ढीग पांढऱ्या टेबलावर आणून ओतला. मालकीणबाईही कुजबुज ऐकून वर आल्या होत्या.

मावशींनी एकेक लड उचलली. घाई केली नाही. काही डावीकडे, काही उजवीकडे. एक लड हातात धरून त्या बराच वेळ थांबल्या, खिडकीपाशी नेली, परत आणली आणि उजवीकडे ठेवली. मग खुर्चीत बसल्या.

मामांनी गाठी उलटून पाहिल्या. डावीकडे सगळ्या वाफेच्या. उजवीकडे सगळ्या उन्हाच्या.

"एकही चूक नाही," मामा म्हणाले. आवाज शक्य तितका कोरडा ठेवायचा त्यांनी प्रयत्न केला, पण तो साधला नाही.

बाई पुढे झाल्या आणि त्यांनी मावशींच्या खांद्यावर हात ठेवला. मावशींचं मात्र तिकडे लक्षच नव्हतं. ज्या लडीपाशी त्या अडल्या होत्या ती त्यांनी पुन्हा उचलली होती.

"ही बघ गं," त्यांनी मुलीला जवळ बोलावलं. "ही वरून पिवळी आहे, पण हिच्यात काहीतरी बरंही आहे. काय ते कळत नाही. भरलेली वाटते."

त्यांनी सुताचं टोक दोन बोटांत धरून पीळ उलगडला. लोकरीचे पदर सुटे झाले. मग वाफेच्या लडीतलं एक टोक तसंच उलगडलं आणि दोन्ही भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवली. मुलीने वाकून पाहिलं. मामांनी पाहिलं. बाईंनी पाहिलं.

वाफेच्या धाग्यात रंग बाहेरून गच्च होता आणि आत, पोटात, फिकट. आंघोळ चुकवून नुसत्या तोंडाला साबण लावलेल्या पोरासारखा, वरवरचा. उन्हाच्या धाग्यात मात्र मधल्या पदरापर्यंत एकच हिरवा होता. बाहेर जेवढा, तेवढाच आत.

"हे मी इतकी वर्षं पाहिलं नव्हतं," मावशी म्हणाल्या. "पीळ उघडून बघायची वेळच आली नाही कधी."

आता प्रश्न दोन झाले. पिवळा का, आणि पोटापर्यंत का. मुलीने खिशातून फोन काढला. कढयांच्या पाण्यात तिने उष्णता मोजणाऱ्या तारा सोडल्या होत्या आणि त्यांच्या रेघा फोनवर उमटल्या होत्या. वाफेची रेघ भिंतीसारखी सरळ वर गेली होती. उन्हाची रेघ सावकाश चढणीच्या रस्त्यासारखी, मध्येच जराशी रेंगाळत.

"टाकीचं पाणी वाफेसारखं झटका देत नाही," ती म्हणाली. "शेवटी दोघी पोचतात तिथेच, पण ही उशिरा पोचते. याने रंगात काय फरक पडतो ते मला नाही सांगता येणार. ते तुमचं."

मावशी रेघांकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजळलं.

"आमच्या हिरव्यात दोन रंग असतात," त्या म्हणाल्या. "एक पिवळा, एक निळा. पिवळा उतावळा. पाणी कोमट झालं की लागलाच लोकरीला. निळा आळशी. पाणी चांगलं कडक तापल्याशिवाय तो जागचा हलत नाही. वाफेवर दोघांना एकदमच ढकलून आत घालतो आपण. घाईघाईत दारातच गर्दी होते, म्हणून बाहेर गच्च आणि आत रिकामं. उन्हावर तसं नाही. सगळे सवडीने आत जातात, थेट माजघरापर्यंत. पण निळा उठेपर्यंत..."

"...घाणा उतरवायची वेळ होते," मामा म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"घड्याळ मी लावतो," ते म्हणाले. "लोकर कढईत गेली की लावतो. आजवर तसंच चाललं, कारण वाफेवर पाणी तापायला कितीसा वेळ लागतो? पण टाकीवर पाणी तापण्यातच निम्मा वेळ जातो. निळ्याच्या वाट्याला राहिलं काय? आणि ढग येऊन गेला असेल तर तेवढंही नाही. म्हणून तर एकेक घाणा वेगळा येत होता."

"मग घड्याळ केव्हा लावायचं?" बाईंनी विचारलं.

"पाणी पुरतं तापल्यावर," मावशी आणि मामा एकदमच म्हणाले.

त्या दुपारी मावशी डॉक्टरकडे गेल्या. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, डाव्यात त्याची नुसती चाहूल. उजव्याची शस्त्रक्रिया लवकर करून घ्यावी असं डॉक्टर म्हणाले. मावशींनी त्यांना विचारलं की निळाच का सगळ्यात जास्त मेला. डॉक्टरांनी पेन खाली ठेवून समजावलं: डोळ्यातलं भिंग वयाने पिवळं होतं, आणि पिवळ्या काचेतून निळं कमी येतं. "हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच," ते म्हणाले. "बाकीचे दुखेल का ते विचारतात." तेव्हा मावशींना आठवलं आणि त्यांनी तेही विचारून घेतलं.

शस्त्रक्रियेआधी मोठा घाणा लावायचा होता. घड्याळाच्या नव्या हिशेबाने गर्द हिरवा. मामा स्वतः कढईपाशी उभे राहिले. बॉयलरपासून हाकेच्या अंतरावर. सकाळ स्वच्छ होती. लोकर कढईत उतरली, पाणी चढणीच्या वाटेने तापत गेलं. ते पुरतं तापलं, मामांनी घड्याळ लावलं, आणि थोड्याच वेळात आकाश भरून आलं. पाऊस नव्हता, नुसते जाड पांढरे ढग. छपरावरचे आरसे एकाएकी निस्तेज झाले.

सवयीने मामा बॉयलरच्या चावीकडे वळले. ज्योत मोठी केली की काम झालं.

"थांबा," मुलगी म्हणाली. "टाकी बघा आधी."

मामा अंगणात गेले आणि टाकीवरच्या काट्याकडे बघत राहिले. काटा हलत नव्हता. आरशांवर ऊन नव्हतं, पण सकाळपासूनचं ऊन टाकीत होतं, आणि ते कुठे जायला तयार नव्हतं. कढई तापलेली ती तापलेलीच. मामा मधूनमधून टाकीला हात लावून बघत. आवरणाबाहेर ती गार लागे, त्यामुळे त्यांना पटत नसे आणि ते पुन्हा काटा बघत. ढग फिरेपर्यंत त्यांनी चावीला हात लावला नाही. घाणा उतरला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आज सकाळपासून शेजारच्या खोलीतून आवाजच आलेला नाही. ते उठून दारात जाऊन उभे राहिले. बॉयलर गप्प होता. एवढ्या वर्षांत, गॅस असताना, कामाच्या दिवशी तो असा गप्प कधीच नसायचा.

मावशी त्यांच्यामागे येऊन उभ्या राहिल्या.

"वाईट वाटतंय?"

"वाटतंय थोडं," मामा म्हणाले. मग अंगणाकडे बघून म्हणाले, "पण त्या टाकीत एवढं राहतं कसं, हे विचारायला हवं तिला. आतून काय लावलंय ते दाखव म्हणावं."

लड वर आली. मावशींनी ती नमुन्याशेजारी ठेवली, मागे सरकल्या, मान कलती केली.

"जुळलं," त्या म्हणाल्या. आणि पीळ उघडून पोटातलाही हिरवा बघून घेतला.

घोंगड्यांच्या गिरणीतून महिनाभराने फोन आला. ते विणलेलं कापड ब्रशने खरवडून त्यावर लव उठवतात. दरवेळी लव उठली की रंग जरासा फिका पडे, आणि ते तसंच असतं असं ते धरून चालले होते. या खेपेला पडला नाही. तुम्ही रंग बदललात का, असं ते विचारत होते. बाईंनी सांगितलं, रंग तोच आहे, सवड जास्त दिली. पलीकडच्या माणसाला त्यातून काय कळलं कोण जाणे, पण पुढचं काम त्याने तसंच मागितलं. सगळेच रंग काही इतके भले निघाले नाहीत. एका जांभळ्याने उन्हाशी जे वैर धरलं ते सोडलंच नाही, तो शेवटी वाफेवरच राहिला. आणि आभाळ सलग झाकोळलेल्या दिवसांत मामांची ज्योत पेटायचीच. मामा त्या दिवशी जरा ताठ चालत.

मावशींच्या उजव्या डोळ्यावरची पट्टी निघाली त्या दिवशी मामा सोबत होते. घरी येताना मावशी रस्ताभर थांबत होत्या. समोरच्या भिंतीकडे बघत, स्वतःच्या बाहीकडे बघत, मामांच्या डोक्याकडे बघत.

"काय गं?"

"तुमचे केस पांढरे आहेत," मावशी म्हणाल्या. "मला वाटायचं, अजून भुरे आहेत."

कामावर परत गेल्या त्या सकाळी त्यांनी टेबलावर सगळ्या निळ्या लडी मांडून घेतल्या. इंजिनीअर मुलगी निरोप घ्यायला आली होती. तिला आता दुसऱ्या एका ठिकाणी, दुधाच्या कारखान्यात, आरसे बसवायचे होते. तिने विचारलं, "दुसऱ्या डोळ्याचं कधी करणार?"

"बघू. घाई नाही असं डॉक्टर म्हणालेत." मावशींनी एक डोळा झाकला, मग दुसरा. "एक डोळा आता तुझ्या वयाचा झालाय आणि एक माझ्या वयाचा. गिऱ्हाइकं दोन्ही वयाची असतात. थोडे दिवस दोन्हींनी बघून घेते, कुणाला काय दिसतं ते."

मुलगी हसली आणि खुर्ची ओढून शेजारी बसली. "मला दाखवा," ती म्हणाली. "यातला आळशी कोणता?"

मावशींनी एक लड तिच्याकडे सरकवली. खाली अंगणात मामा टाकीचं झाकण उघडून कुणाला तरी आतलं आवरण समजावून सांगत होते, आणि त्यांचा आवाज वरपर्यंत ऐकू येत होता.